किनारा फिरवला की प्रवाहही फिरायला हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीलगतच्या समुद्राच्या एका संख्यात्मक मॉडेलमधून पृष्ठप्रवाहाचा डेटा मिळाला आणि त्यावर साधं सीएनएन (चित्रासारख्या जाळीवर छोटे फिल्टर फिरवून नमुने शिकणारं न्यूरल नेटवर्क) शिकवलं. आत्ताचा प्रवाह, वारा आणि पाण्याची उंची दिली की सहा तासांनंतरचा प्रवाह त्यानं सांगायचा. रत्नागिरीच्या पट्ट्यात ते छान चालतं, मालवणच्या पट्ट्यावर लावलं की कोलमडतं. मग डेटा फिरवून फिरवून वाढवायचा, की सममिती, म्हणजे नकाशा फिरवला तरी नियम तेच राहणं, मुळातच जपणारं नेटवर्क बांधायचं? सोबत जोडप्रश्न: एक मित्र माशांच्या फोटोंवरून जात ओळखतो, त्यालाही हे सगळं लागू होतं का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. सममिती जपणारं नेटवर्क बांधा. पण कोडला हात लावण्याआधी कागद घेऊन बसा आणि तुमच्या समुद्रात सममिती कोण कोण मोडतं याची यादी करा. त्या यादीतली प्रत्येक गोष्ट नेटवर्कला इनपुट म्हणून मिळाली पाहिजे. या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करताना मला सगळ्यात जास्त बिघाड इथेच दिसले आहेत. आर्किटेक्चर उत्तम असतं, यादी अपुरी असते.

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. पाण्याची उंची ही नुसती संख्या आहे. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी दोन मीटर असेल, तर नकाशा कसाही फिरवा, ते दोनच मीटर राहतं. अशी राशी इनव्हेरियंट. प्रवाह हा बाण आहे. नकाशा तीस अंशांनी फिरवला तर बाणही तीस अंशांनी फिरला पाहिजे. अशी राशी इक्विव्हेरियंट. नेटवर्क इक्विव्हेरियंट आहे याचा अर्थ इतकाच, की इनपुट आधी फिरवून उत्तर काढा किंवा उत्तर काढून मग फिरवा, दोन्ही वाटांनी एकच उत्तर यायला हवं.

सरकवण्याच्या बाबतीत साधं सीएनएन हे आधीपासूनच करतं. फुकुशिमांच्या १९८०च्या निओकॉग्निट्रॉनपासून ती कल्पना चालत आली आहे: तोच फिल्टर चित्रभर फिरतो, म्हणून वस्तू डावीकडे असो की उजवीकडे, ओळखू येते. फिरवण्याच्या बाबतीत मात्र सीएनएन कोरं असतं. टॅको कोहेन आणि मॅक्स वेलिंग यांनी २०१६ मध्ये तोच विचार फिरवणं आणि आरसा यांच्यापर्यंत नेला, आणि तिथून या विषयाला खरा वेग आला.

आता तुमच्या मनात हमखास येणारी शंका: कोकणचा समुद्र कुठे सममित आहे? पूर्वेला जमीन, पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, पावसाळ्यात नैऋत्येचे वारे. हा डेटा फिरवून कसा चालेल? शंका रास्त आहे, पण डेटा एकांगी असला तरी नियम एकांगी नसतात. पाण्याला उत्तर कुठे आणि पूर्व कुठे हे माहीत नसतं. त्याला कळतो तो दाब, तळाची घासण, वाऱ्याचा ओढा आणि पृथ्वीचं फिरणं. किनारा, तळाची खोली, वारा आणि उघड्या सीमेवरचा प्रवाह हे सगळं एकत्र फिरवलं तर उत्तरही तितकंच फिरेल. म्हणून किनाऱ्याचा मास्क (जमीन कुठे आणि पाणी कुठे हे सांगणारी जाळी) आणि खोलीचा नकाशा हे इनपुटमध्ये हवेतच. ते नसतील तर नेटवर्क ‘पूर्वेला नेहमी जमीन असते’ हे वजनांमध्ये पाठ करून टाकतं, आणि किनाऱ्याची रेघ थोडी वळली की पाठांतर उघडं पडतं. माझा अंदाज आहे की तुमचं मालवणचं दुखणं मुख्यतः हेच आहे.

पृथ्वीच्या फिरण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे चांगले चांगले फसतात. आडव्या प्रवाहाला प्रामुख्यानं भिडतो तो पृथ्वीच्या फिरण्याचा उभा घटक. तुम्ही नकाशा उभ्या अक्षाभोवती फिरवता तेव्हा तो घटक जसाच्या तसा राहतो, म्हणून फिरवण्याची सममिती शाबूत राहते. आरशाची सममिती मात्र तुटते. उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे ढकललं जातं आणि किनाऱ्याला चिकटून पुढे सरकणाऱ्या केल्विन लाटा किनारा उजव्या हाताला ठेवून चालतात, म्हणजे कोकणात उत्तरेकडे. नकाशा वरखाली उलटा केलात तर तीच लाट किनारा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे जाताना दिसेल. तशी लाट दक्षिण गोलार्धात असते, आपल्याकडे नाही. डेटा वाढवण्याच्या तयार फंक्शनांमध्ये ‘आडवं उलटा, उभं उलटा’ हे पर्याय सर्रास चालू ठेवलेले असतात. मांजरांच्या फोटोंना ते चालतं. समुद्राच्या डेटाला ते खोटं भौतिकशास्त्र शिकवतं.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे गटात, म्हणजे नेटवर्कनं जपायच्या बदलांच्या यादीत, फक्त फिरवणं ठेवायचं, आरसा काढून टाकायचा. दुसरा म्हणजे कोरिऑलिसचा गुणक (पृथ्वीच्या फिरण्याच्या त्या उभ्या घटकाचं माप) हे इनपुट म्हणून द्यायचं आणि आरशात त्याचं चिन्ह बदलतं असं नेटवर्कला सांगायचं. दुसरा मार्ग जास्त देखणा आहे, पण तुमच्या पट्ट्यात त्या गुणकात फारसा फरक नाही. रत्नागिरीला, म्हणजे सुमारे १७ अंशांवर, जडत्वाच्या फेऱ्याचा काळ (दुसरं बळ नसताना वाहतं पाणी या गुणकामुळे एक गोल पुरा करतं तो) सुमारे ४१ तास येतो आणि मालवणला सुमारे ४३. एवढ्याशा फरकातून नेटवर्क त्या गुणकाचं काम शिकणं कठीण आहे. पहिला मार्ग घ्या.

याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. तुम्ही जून ते सप्टेंबरचाच डेटा वापरला असेल, तर वाटेल की आता नेटवर्क फिरवण्याला सरावलं आहे, हिवाळाही सांभाळून घेईल. नाही सांभाळणार. पावसाळ्यातला प्रवाह किनारा डाव्या हाताला ठेवून वाहतो. १८० अंशांनी फिरवलात तर प्रवाह उत्तरेकडे होईल, पण किनाराही पश्चिमेला जाईल आणि डाव्या हातालाच राहील. किनारा उजव्या हाताला ठेवून वाहणारा प्रवाह फिरवून कधीच मिळत नाही. तो मिळतो आरशातून, आणि आरसा आपण आत्ताच नाकारला. म्हणून दोन्ही ऋतू ट्रेनिंगमध्ये असलेच पाहिजेत. गट नीट निवडला की कुठला डेटा फुकट मिळतो आणि कुठला गोळा करावाच लागतो हे असं आधीच कळतं. मला या विषयातलं हे सर्वात उपयोगी अंग वाटतं.

आता प्रत्यक्ष कोडमधल्या गफलती.

पहिली: जाळी फिरवली, बाण तसेच राहिले. समजा एका चौकटीत प्रवाहाचा पूर्वेचा घटक ०.३ आणि उत्तरेचा ०.१ मीटर प्रति सेकंद आहे. नकाशा घड्याळाच्या उलट्या दिशेनं ९० अंश फिरवला की ती चौकट नव्या जागी जाईलच, पण तिच्यातले आकडेही पूर्व −०.१ आणि उत्तर ०.३ असे व्हायला हवेत. नमपाय या पायथन लायब्ररीचं फिरवण्याचं फंक्शन फक्त चौकटी हलवतं, आत लिहिलेल्या बाणांना हात लावत नाही. त्यामुळे किनारा आडवा झाला तरी प्रवाह किनाऱ्याला समांतर जाण्याऐवजी थेट जमिनीत घुसताना दिसतो. असा डेटा वाढवण्यापेक्षा न वाढवलेला बरा. वाऱ्याच्या बाबतीत आणखी एक: हवामानाच्या नोंदीत वाऱ्याची दिशा म्हणजे तो कुठून येतो ती, आणि प्रवाहाची दिशा म्हणजे तो कुठे जातो ती. दोन्ही अंशांत मिळाल्या असतील तर आधी घटकांत उतरवा, नाहीतर ३५९ आणि १ यांच्यात नेटवर्कला दरी दिसेल.

दुसरी: प्रमाणीकरण. प्रत्येक चॅनलची, म्हणजे इनपुटमधल्या एकेका राशीच्या जाळीची, सरासरी आणि प्रमाण विचलन काढून भागायची आपली सवय असते. कोकणचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्यानं उत्तरेच्या घटकाचा पसारा पूर्वेच्या घटकापेक्षा बराच मोठा असतो. दोघांना वेगवेगळ्या आकड्यांनी भागलंत की बाणांची दिशाच बदलते आणि पुढचं नेटवर्क कितीही शुद्ध असो, सममिती दारातच मेलेली असते. दोन्ही घटकांना एकाच आकड्यानं, वेगाच्या वर्गमध्यमूळानं, भागा. सरासरी वजा करू नका. सरासरी प्रवाह हाही एक बाणच आहे आणि तो उत्तर कुठे आहे हे नेटवर्कला फुकटात सांगून जातो.

तिसरी: रेलू, म्हणजे ऋण आकड्यांचं शून्य करणारं नेटवर्कमधलं नेहमीचं फंक्शन. बाणाच्या घटकांवर रेलू लावता येत नाही. करून बघा. (−०.२, ०.५) वर रेलू लावला की (०, ०.५), आणि तो ९० अंश फिरवला की (−०.५, ०). आता आधी फिरवा: (−०.५, −०.२). त्यावर रेलू लावला की हाती (०, ०). दोन वाटा, दोन उत्तरं. बाणाची लांबी काढायची, तिच्यावर अरेषीय फंक्शन लावायचं आणि त्यानं बाणाला गुणायचं, किंवा एखाद्या इनव्हेरियंट चॅनलला झडप म्हणून वापरायचं. बाणाच्या चॅनलला बायसही (दर वेळी मिळवला जाणारा ठरावीक आकडा) देऊ नका, कारण तोही एक ठरावीक दिशेचा बाणच. ईएससीएनएन नावाच्या पायटॉर्च लायब्ररीत सपाट चित्रांसाठी हे सगळं तयार मिळतं. तुमच्यासाठी तीच योग्य. आठ दिशांच्या फिरवण्यापासून सुरुवात करा. चौकोनी जाळीवर अचूक बसतात त्या ९०च्या पटीतल्या चारच, मधल्या दिशांना थोडी इंटरपोलेशनची, म्हणजे मधले आकडे अंदाजानं भरण्याची, चूक राहते.

जाळीवरून आठवलं, तुमची जाळी अक्षांश-रेखांशांची असेल. १७ अंशांवर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा आणि अक्षांशाचा सुमारे १११ किलोमीटरचा. म्हणजे चौकट चौरस नाहीच. आधी मीटरमधल्या प्रक्षेपणात आणा, यूटीएमचा ४३वा झोन तुमच्या पट्ट्याला चालतो.

हे सगळं झाल्यावर चाचणी: न शिकवलेलं, नुकतंच तयार केलेलं नेटवर्क घ्या, इनपुट ९० अंश फिरवा, दोन्ही वाटांची उत्तरं वजा करा. ३२ बिटी गणितात सापेक्ष फरक दशलक्षांश भागाच्या आसपास यायला हवा. टक्क्याच्या आसपास आला तर कुठेतरी गळती आहे, आणि बहुतेकदा ती दोन पावलांच्या पुलिंगमध्ये, म्हणजे जाळी निम्मी करण्याच्या पायरीत, सापडते: सम आकाराच्या जाळीवर एकाआड एक चौकट निवडली की फिरवल्यावर वेगळ्याच चौकटी निवडल्या जातात. जाळीचा आकार विषम ठेवा किंवा चौकटींची सरासरी घ्या.

मग फायदा खरंच किती? याचं सर्वात स्पष्ट उत्तर रेणूंच्या जगातून मिळतं. तिथे ऊर्जा इनव्हेरियंट आणि अणूंवरची बलं इक्विव्हेरियंट. बेलर आणि पारिनेलो यांनी २००७ मध्ये अणूंमधली अंतरं आणि कोन यांतून इनव्हेरियंट खुणा तयार करून नेटवर्कला दिल्या. पुढे २०१८ च्या टेन्सर फील्ड नेटवर्कपासून नेटवर्कच्या आतही बाण आणि त्याहून वरचे टेन्सर (बाणांसारख्याच ठरावीक नियमानं फिरणाऱ्या, पण जास्त घटकांच्या राशी) वाहू लागले, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेक्विप या अशाच नेटवर्कच्या लेखकांनी हजारपटीपर्यंत कमी डेटात तोडीस तोड अचूकता दाखवली. तिथे एकेक उदाहरण क्वांटम गणितातून येतं आणि महाग पडतं, म्हणून हा फायदा सोन्यासारखा. तुमचंही तसंच आहे. एका पट्ट्याचं मॉडेल वर्षभरासाठी चालवायला जड यंत्रणा लागते, आणि प्रत्यक्ष मोजलेले प्रवाह तर फारच थोडे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रथिनांचा आकार सांगणाऱ्या २०२१ च्या अल्फाफोल्ड २ मध्ये त्रिमितीतल्या फिरवण्याला न बधणारा खास अटेन्शनचा थर होता. २०२४ च्या अल्फाफोल्ड ३ नं तो काढून टाकला आणि रेणू यदृच्छेनं फिरवून डेटा वाढवण्यावर भर दिला. यावरून ‘आता सममिती बांधायची गरज उरली नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. डेटा आणि गणनशक्ती भरपूर असेल तर नेटवर्क सममिती जवळपास शिकून घेतं, हे खरं. एका ग्राफिक कार्डावर आणि एका किनारपट्टीच्या डेटावर काम करणाऱ्याला ती चैन नाही. शिवाय वाढवलेल्या डेटातून शिकलेली सममिती जिथे डेटा होता तिथेच टिकते, आणि तुमची तक्रार तर नेमकी नव्या जागेबद्दल आहे. उलट त्रिमितीत वरच्या टेन्सरांचे गुणाकार फार महाग पडतात. द्विमितीत तो खर्च सोसण्यासारखा असतो, म्हणून तुम्हाला माझी शिफारस ठाम आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. एमी नोथर यांच्या १९१८ च्या प्रमेयानं सममिती आणि अक्षय्यता यांची सांगड घातली, म्हणून इक्विव्हेरियंट नेटवर्क आपोआप वस्तुमान किंवा ऊर्जा जपेल असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. ते प्रमेय भौतिकशास्त्रातल्या ‘क्रिया’ (अ‍ॅक्शन) नावाच्या राशीपासून निघणाऱ्या नियमांबद्दल आहे, तुमच्या नेटवर्कच्या थरांबद्दल नाही. अक्षय्यता हवी असेल तर ती वेगळी बांधावी लागते. आणि पृष्ठप्रवाहावर ‘जितकं पाणी येतं तितकंच जातं’ अशी सक्ती तर मुळीच करू नका. पावसाळ्यात खालचं थंड, पोषक पाणी वर येतं ते पृष्ठावरचं पाणी किनाऱ्यापासून दूर पसरतं म्हणूनच. ती सक्ती केलीत तर तारली-बांगड्याच्या मागावर असलेल्या माणसाला जे हवं तेच पुसलं जाईल.

ट्रेनिंगची चूक एका पातळीवर येऊन अडली तर काय करायचं, हेही सांगून ठेवतो. पिएर क्युरी यांनी १८९४ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे कामाला येतं: कारणांमध्ये असलेली सममिती परिणामांमध्ये उतरते. म्हणजे इनपुटमध्ये दिशा नसेल तर इक्विव्हेरियंट नेटवर्क दिशा निर्माण करूच शकत नाही. साधं सीएनएन अशा वेळी पाठांतर करून वेळ मारून नेतं, इक्विव्हेरियंट नेटवर्क अडून बसतं. ते अडणं ही माहिती आहे. उरलेली चूक तासांनुसार मांडून बघा. दुपारनंतर ती एका बाजूला आणि पहाटे दुसऱ्या बाजूला झुकत असेल तर खारे आणि मतलई वारे तुमच्या इनपुटमधून निसटले आहेत. वाऱ्याची रोजची सरासरी दिली असेल तर असंच होणार, तासातासाचा वारा द्या. चूक सुमारे १२.४ तासांनी हेलकावत असेल तर भरतीची बाहेरची सीमा नीट पोचलेली नाही. पंधरवड्यानं फुगत असेल तर उधाण आणि भांग यांतला फरक नेटवर्कला दिसत नाही. तारीख इनपुट म्हणून देऊन ही भोकं बुजवू नका, चंद्र-सूर्यामुळे येणारी भरतीची उंचीच द्या.

मित्राच्या माशांबद्दल थोडक्यात. मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रेमध्ये मासे कसेही पडलेले असतात, म्हणून फिरवण्याची सममिती त्याला हवीच, आणि जात हे उत्तर इनव्हेरियंट असल्यानं काम सोपं आहे. आरसा जपून. बांगड्याला चालतो. लेपा मात्र कुशीवर पडून राहणारा मासा, त्याचे दोन्ही डोळे डाव्या बाजूला असतात, आणि चपट्या माशांच्या काही कुळांत ते उजव्या बाजूला असतात. आरशातल्या फोटोंवर शिकवलंत तर ओळखीची एक पक्की खूण स्वतःच्या हातानं पुसली जाते. पुढे शिंपल्या-शंखांकडे वळणार असेल तर तिथेही तेच: पूजेतल्या शंखाच्या जातीत बहुतेक सगळे एकाच बाजूला वळलेले असतात, उलट वळणाचा क्वचित सापडतो, आणि तोच त्याला शोधायचा असू शकतो.

हे सगळं करून पुन्हा शिकवा, मालवणचा एकही दिवस ट्रेनिंगमध्ये न घालता तिथे तपासा. सुधारणा दिसेल अशी मला खात्री आहे, पण सिंधुदुर्गाच्या आसपास थोडी चूक उरली तर सममितीला दोष देऊ नका. तिथे पाण्याखाली खडकांचं जाळं आहे आणि गेब्को या जगभरच्या समुद्रांच्या खोलीच्या नकाशाची चौकट जवळजवळ साडेचारशे मीटरची. ते खडक तिच्यात दिसतच नाहीत. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे मालवण बंदराचे तक्ते मिळवा, खोलीचे आकडे जाळीवर उतरवा आणि मगच नेटवर्कचा आकार वाढवायचा विचार करा.